साडेअठरा न्यूट्रॉन: घटक चाचणीतल्या एका तक्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठी माध्यमाची एक माध्यमिक शाळा, तालुक्याच्या गावातली. नववीच्या दोन तुकड्या आणि विज्ञानाला दोन शिक्षक: अ तुकडीला बाई, ब तुकडीला सर. ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि काही तपशील गाळले आहेत.

मुलं आठवीत अणूची रचना शिकून आलेली होती. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून होणारी संख्या. अणू उदासीन असेल तर इलेक्ट्रॉन प्रोटॉनएवढेच. समस्थानिकही, म्हणजे प्रोटॉन सारखे पण न्यूट्रॉन वेगळे असलेले एकाच मूलद्रव्याचे अणू, तेव्हाच होऊन गेले होते. नववीत संयुजा, मूलकं आणि रासायनिक सूत्रं येतात. इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभार आलेल्या अणूत, म्हणजे आयनात, कोणते कण किती, हा हिशेब नेमका या दोन इयत्तांच्या सांध्यात पडतो. आठवीच्या शिक्षकाला वाटतं तो नववीचा भाग आहे, नववीच्या शिक्षकाला वाटतं तो आठवीत झालेला आहे. या शाळेतही त्याला स्वतंत्र तासिका मिळाली नव्हती. फळ्यावर एक सोडियम आणि एक क्लोराइड सोडवून पुढचा भाग सुरू झाला होता.

वीस गुणांच्या घटक चाचणीत सहा गुणांचा एक तक्ता आला. सोडियम (१+), मॅग्नेशियम (२+), ॲल्युमिनिअम (३+), क्लोराइड (१−), सल्फाइड (२−) आणि क्युप्रिक, म्हणजे तांब्याचा (२+), असे सहा आयन. प्रत्येकाची संज्ञा प्रभारासह छापलेली, शेजारी अणुअंक आणि 'वस्तुमान' असं शीर्षक असलेला रकाना. मुलांनी प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन हे तीन रकाने भरायचे. तिन्ही बरोबर असतील तर एक गुण, दोन बरोबर असतील तर अर्धा, एरवी शून्य.

पेपर बाईंनी काढला होता. आकडे त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या आवर्तसारणीतून उतरवले: सोडियम २३, मॅग्नेशियम २४.३, ॲल्युमिनिअम २७, क्लोरिन ३५.५, सल्फर ३२, तांबं ६३.५. पुढचा सगळा घोळ या आकड्यांमधून आणि 'वस्तुमान' या अर्धवट शीर्षकातून निघाला.

अडचण कशी उघड झाली

दोन्ही तुकड्यांचे पेपर एकाच दिवशी वाटले गेले. मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणींनी उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. दोघींनी क्लोराइडसमोर ३५.५ − १७ = १८.५ असं लिहिलं होतं. अ तुकडीत त्यावर बरोबरची खूण होती, ब तुकडीत फुली. दोघी शिक्षकांच्या खोलीत आल्या. "बाई, माझं बरोबर आणि हिचं चूक कसं?" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका मुलाने त्याहून अवघड प्रश्न विचारला, "पण अर्धा न्यूट्रॉन असतो का?"

बाईंच्या उत्तरसूचीत क्लोराइडला १८.५ आणि क्युप्रिकला ३४.५ होते. सरांनी ती सूची न पाहता स्वतः सोडवून तपासलं होतं आणि त्यांची उत्तरं १८ आणि ३४ होती. दोन्ही सूच्या समोरासमोर ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. मॅग्नेशियमला २४.३ दिलेलं असून दोघांनीही न्यूट्रॉन १२ धरले होते. क्लोरिनचा अर्धा जपणाऱ्या सूचीने मॅग्नेशियमचा .३ मात्र न बोलता सोडून दिला होता.

मुलांनीही तेच केलं होतं. एका उत्तरपत्रिकेत एकाखाली एक अशा ओळी होत्या: '२४ − १२ = १२', मग '३५.५ − १७ = १८.५'. कारण समजण्यासारखं आहे. मॅग्नेशियमचा २४ आठवीपासून पाठ असतो, म्हणून .३ डोळ्यांना दिसतच नाही. क्लोरिन मात्र साडेपस्तीस म्हणूनच पाठ झालेला असतो.

उत्तरपत्रिकांमध्ये काय सापडलं

वाद न्यूट्रॉनचा होता. पण दोन्ही शिक्षकांनी सगळे पेपर परत मागवले आणि प्रयोगशाळेच्या ओट्यावर गुणांप्रमाणे न लावता चुकीच्या प्रकाराप्रमाणे त्यांचे गठ्ठे केले. या प्रकरणातला हा सर्वांत उपयोगी निर्णय. एका दुपारचं काम होतं, पण त्यातून दिसलं की साडेअठरा ही चूक मोठी असली तरी सर्वांत खोल नव्हती.

पहिला गठ्ठा चिन्ह उलट धरणाऱ्यांचा. सोडियम आयनात १२ इलेक्ट्रॉन आणि क्लोराइडमध्ये १६. अधिक चिन्ह दिसलं की मिळवायचं, उणे दिसलं की वजा करायचं, असा हिशेब. यात मुलांच्या गणिताला दोष देता येत नाही. अधिक म्हणजे वाढलं हे त्यांना पहिलीपासून शिकवलेलं असतं. इथे वाढते किंवा घटते ती ऋण प्रभाराच्या कणांची संख्या, म्हणून खूण उलटी बसते.

दुसरा गठ्ठा लहान पण जास्त घातक. या मुलांनी प्रभार प्रोटॉनवर लावला होता. सोडियम आयन: प्रोटॉन १२, इलेक्ट्रॉन ११, न्यूट्रॉन २३ − १२ = ११. गंमत अशी की, 'प्रोटॉनमधून इलेक्ट्रॉन वजा करा, प्रभार जुळतो का पाहा' हा वर्गात दिलेला पडताळा इथे बिनबोभाट पास होतो. १२ − ११ = +१. प्रभार अगदी बरोबर, फक्त सोडियमचा मॅग्नेशियम झालेला! क्लोराइडला १६ प्रोटॉन देणाऱ्याने तसाच सल्फर केला होता. एकच पडताळा शिकवला की अशी चूक त्याच्या आडोशाला सुखाने राहते.

तिसऱ्या गठ्ठ्यात न्यूट्रॉन काढताना अणुअंकाऐवजी इलेक्ट्रॉन वजा केलेले होते. सोडियम आयन: २३ − १० = १३. प्रोटॉन ११ बरोबर, इलेक्ट्रॉन १० बरोबर, न्यूट्रॉन मात्र एक जास्त. या चुकीचं मूळ आठवीत आहे. उदासीन अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सारखेच असतात, त्यामुळे कुठलीही संख्या वजा केली तरी उत्तर बरोबर येतं. वर्षभर चुकीच्या रीतीने बरोबर उत्तरं येत राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. पहिला आयन समोर आला की बिंग फुटतं.

चौथा गठ्ठा क्युप्रिकवाल्यांचा. सोडियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनिअम या तिन्ही आयनांत इलेक्ट्रॉन १०, म्हणजे निऑनएवढे. क्लोराइड आणि सल्फाइडमध्ये १८, म्हणजे अरगॉनएवढे. हुशार मुलांना हा आकृतिबंध दिसला आणि त्यांनी क्युप्रिकलाही तो लावला, म्हणून १८ लिहिले. खरं उत्तर २९ − २ = २७, आणि २७ इलेक्ट्रॉन असलेला कुठलाच राजवायू नाही. अष्टकाचा नियम (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन पुरे होण्याचा) आयन का बनतो हे काही मूलद्रव्यांपुरतं सांगतो. किती इलेक्ट्रॉन आहेत हे मात्र प्रभारच सांगतो.

पाचवा म्हणजे दोन-तीनच पेपर, पण त्यात चूक मुलांची नव्हती. टंकलेखनात सल्फाइडच्या संज्ञेवरचा प्रभार खाली उतरून ओळीत आला होता: 'एस', लगेच २, मग उणे. या मुलांनी ते जोडीने असलेले दोन सल्फर अणू आणि त्यांच्यावर एक ऋण प्रभार असं वाचलं आणि लिहिलं: प्रोटॉन ३२, न्यूट्रॉन ३२, इलेक्ट्रॉन ३३. जे छापलं होतं त्याचं हे अचूक उत्तर आहे. मोबाइलवरून किंवा एका फाइलमधून दुसरीत मजकूर चिकटवताना वरचे-खालचे आकडे सपाट होतात आणि छापील प्रत कुणी बारकाईने पाहत नाही.

आणि सगळ्यांत शेवटी ब तुकडीतला एक पेपर. क्लोराइडच्या न्यूट्रॉनच्या चौकटीत बारीक अक्षरात दोन आकडे: '१८ किंवा २०'. सरांनी त्यावर लिहिलं होतं, 'दोन उत्तरं नकोत', आणि ती चौकट चूक धरली होती.

साडेपस्तीस येतात कुठून

पर्यायांकडे जाण्याआधी हे स्पष्ट करायला हवं, कारण बैठकीतल्या मतभेदाचं मूळ इथेच होतं. मराठीत दोन शब्द एकमेकांना खेटून आहेत: अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान. फरक शेवटच्या 'अंक'एवढाच. पहिला मोजून मिळतो. एका विशिष्ट अणूच्या केंद्रकातले कण एक, दोन, तीन करत मोजायचे, म्हणून तो नेहमी पूर्णांक. दुसरं तोलून मिळतं. निसर्गात त्या मूलद्रव्याचे जे समस्थानिक ज्या प्रमाणात मिसळलेले आहेत त्यांची ती सरासरी, आणि सरासरी अपूर्णांकात येऊ शकते. प्रश्नपत्रिकेतल्या 'वस्तुमान' या शीर्षकात दोन्ही अर्थ मावत होते. आकडे मात्र दुसऱ्या अर्थाचे होते.

निसर्गातल्या क्लोरिनमध्ये साधारण ७५.८ टक्के अणू क्लोरिन-३५ चे आणि २४.२ टक्के क्लोरिन-३७ चे असतात. पहिल्यात १८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात २०. सरासरी वस्तुमान सुमारे ३५.४५, व्यवहारात ३५.५. म्हणजे साडेअठरा न्यूट्रॉन असलेला क्लोरिनचा अणू कुठेही नाही.

मुलाला पडलेल्या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. सगळ्या मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत असं विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये सुचवलं, आणि क्लोरिनचा साडेपस्तीस या कल्पनेच्या घशात हाडासारखा अडकून बसला. तो सोडवायला शंभर वर्षं गेली. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सिस ॲस्टन यांनी वस्तुमान वर्णपटलेखाने, म्हणजे अणू वस्तुमानाप्रमाणे वेगळे करणाऱ्या उपकरणाने, क्लोरिनचे ३५ आणि ३७ असे दोन प्रकार वेगळे दाखवले, आणि त्यांना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. न्यूट्रॉनचा शोध तर जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला.

कोणते पर्याय होते

बैठकीला दोघं शिक्षक आणि मुख्याध्यापक. पाच पर्याय चर्चेला आले.

पहिला: १८.५ बरोबर धरायचं. बाईंचं म्हणणं साधं होतं. "आपण साडेपस्तीस दिले, मुलांनी सतरा वजा केले. त्यांचं काय चुकलं?" हा मुद्दा प्रामाणिक आहे. पण बरोबरची खूण केली की अर्धा न्यूट्रॉन शाळेने मान्य केला असा त्याचा अर्थ होतो, आणि ती खूण मूल पुढे अनेक वर्षं लक्षात ठेवतं.

दुसरा: फक्त १८ बरोबर. सर सुरुवातीला इथेच ठाम होते. पण प्रश्नात समस्थानिक सांगितलेला नव्हता. १८ हे उत्तर काढायला ३५ कुठून आणायचे? पाठांतरातून. आणि क्लोरिन-३७ गृहीत धरून २० लिहिलं तर ते कुठल्या आधारावर कापायचं? शिवाय सरांनी स्वतः ३५.५ चे ३५ का केले याला त्यांच्याकडे 'तसंच असतं' यापलीकडे उत्तर नव्हतं. हे त्यांनी बैठकीतच कबूल केलं.

तिसरा: जवळच्या पूर्णांकात करायचं. पुष्कळ ठिकाणी हीच रीत सांगितली जाते, आणि सोडियम, ॲल्युमिनिअम, फॉस्फरस, लोह यांच्या बाबतीत ती निभावून जाते. क्लोरिनला लावली तर ३५.५ चे ३६ आणि न्यूट्रॉन १९. क्लोरिन-३६ किरणोत्सारी आहे, त्याचा अर्धायुकाल सुमारे तीन लाख वर्षं, आणि निसर्गात तो नगण्य सापडतो. म्हणजे तिन्ही उत्तरांत सर्वांत दूरचं. ब्रोमिनचं अणुवस्तुमान ७९.९. जवळचा पूर्णांक ८०, पण निसर्गातला ब्रोमिन जवळपास निम्मा ७९ आणि निम्मा ८१ आहे, ८० नाहीच. चांदी १०७.८७, जवळचा पूर्णांक १०८, आणि असतात १०७ आणि १०९. तांबं ६३.५५, म्हणून ६४, पण असतात ६३ आणि ६५. ही रीत पुढे चालू ठेवायची नाही, यावर तिघांचं एकमत झालं.

चौथा: वादग्रस्त चौकटी सगळ्यांना बरोबर धरायच्या. पाचवा: प्रश्न रद्द करून फेरचाचणी घ्यायची. मुख्याध्यापकांचा कल पाचव्याकडे होता. त्यात अडचण अशी की सहा आयनांपैकी दोन निर्दोष होते, आणि ज्यांनी ते मनापासून सोडवले त्यांच्यावर तो अन्याय झाला असता.

काय ठरलं

मॅग्नेशियम, क्लोराइड आणि क्युप्रिक यांच्या न्यूट्रॉनच्या चौकटीत काहीही उत्तर लिहिलं असेल तरी ती बरोबर धरायची, पण प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन नेहमीसारखेच तपासायचे. सल्फाइडच्या ओळीत ३२, ३२, ३३ लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण. कुणाचाही गुण कमी करायचा नाही. एका मुलाला जास्तीत जास्त अडीच गुणांचा फरक पडत होता.

सरांनी एक हरकत नोंदवली. या निर्णयाने १८.५ लिहिणारा, विचार न करता १९ लिहिणारा आणि '१८ किंवा २०' लिहिणारा, तिघंही एकाच रांगेत बसतात. हरकत योग्य होती, पण दुरुस्त करण्यासारखी नव्हती. अपुऱ्या प्रश्नावर समज तोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्गांत फळ्यावर एकच वाक्य लिहिलं गेलं: 'प्रश्नात समस्थानिक दिला नव्हता, म्हणून प्रश्न अपुरा होता.' चूक छपाईवर ढकलली नाही. छपाईचा दोष फक्त सल्फाइडपुरता होता आणि तो वेगळा सांगितला.

दोन तासिका

गठ्ठ्यांतल्या चुकांपैकी आधी कुठली घ्यायची यावर थोडी ओढाताण झाली. संख्येने मोठा गठ्ठा उलट्या चिन्हाचा, म्हणून सरांना तो आधी हवा होता. शेवटी प्रोटॉनपासून सुरुवात करायची ठरली. प्रोटॉन हलला की मूलद्रव्यच बदलतं आणि पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, हे कारण.

सामान: सुके पांढरे वाटाणे (प्रोटॉन), चिंचोके (न्यूट्रॉन), तांदळाचे दाणे (इलेक्ट्रॉन), झाकणाच्या छोट्या पारदर्शक डब्या आणि मोठी ताटं. दोन्ही वर्गांना पाव किलो वाटाणे पुरून उरले. इलेक्ट्रॉनसाठी आधी मोहरी आणली होती, पण ती बाकांवरून घरंगळून फरशीच्या फटींत गेली आणि पहिली दहा मिनिटं ती वेचण्यात गेली. तांदूळ जागेवर राहतो. प्रमाण मात्र कशानेच साधत नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या भागाएवढं आहे, आणि वाटाण्यापुढे तांदूळ तितका हलका नाही. हे मुलांना सांगून टाकलं.

चार-पाच जणांच्या गटाने डबीत ११ वाटाणे आणि १२ चिंचोके मोजून टाकायचे, झाकण लावायचं, झाकणावर चिकटपट्टीने 'सोडियम-२३' लिहायचं. डबी ताटात ठेवून तिच्याभोवती तांदळाचे ११ दाणे. आता हा सोडियम आयन करा. नियम एकच: झाकण उघडायचं नाही. हाताला लागतात ते फक्त बाहेरचे दाणे. पहिल्याच फेरीत एका गटातल्या मुलाचा हात वाटाणा टाकायला झाकणाकडे गेला आणि मैत्रिणीने तो धरला, "अरे, सोडियम राहील का तो?" दुसऱ्या गठ्ठ्यातल्या चुकीवर दोन तासिकांत याहून प्रभावी असं दुसरं काही घडलं नाही.

उलट्या चिन्हासाठी बाईंनी भाषेचाच आधार घेतला. ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉन हा ऋण कण, म्हणजे अणूच्या अंगावरचं कर्ज. एक कर्ज फिटलं की माणूस तेवढ्याने धनात येतो, आणि नवं कर्ज घेतलं की ऋणात जातो. सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, एक ऋण गेलं, म्हणून धन आयन. क्लोरिनने एक घेतला, म्हणून ऋण आयन. सोसायटीचं पीककर्ज घरात माहीत असलेल्या मुलांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. धन आयन म्हणजे काहीतरी कमावलेला अणू, ही समजूत ज्या शब्दाने तयार झाली होती, त्याच शब्दाने ती मोडली.

साडेपस्तीससाठी चार डब्या. प्रत्येकीत १७ वाटाणे. तीन डब्यांत १८-१८ चिंचोके, चौथीत २०. मुलांनी सगळं मोजलं: तीनदा ३५ आणि एकदा ३७, बेरीज १४२, भागिले ४, बरोबर ३५.५. "आता अर्धा चिंचोका शोधा," बाई म्हणाल्या. चारही डब्या उचलून, हलवून, उन्हात धरून पाहिल्या गेल्या. खरं प्रमाण ३:१ ला अगदी तंतोतंत नाही, पण इतकं जवळ आहे की शालेय कामाला ही चार डब्यांची मांडणी पुरते.

एका मुलीने विचारलं की फ्लुओरिनचा तर एकच समस्थानिक असतो, मग तक्त्यात १८.९९८ कसे? उत्तर असं की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात बांधले जाताना थोडं वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने कमी होतं, आणि मोजणीचं एकक कार्बन-१२ वर बेतलेलं आहे. हा फरक शतांशाच्या किंवा सहस्रांशाच्या स्थानात राहतो. दशांशाच्या पहिल्या स्थानी मोठा अपूर्णांक दिसला, तर तो बहुतेक मिश्रणाचा असतो.

शेवटी फळ्यावर क्रम लिहिला आणि मुलांनी वहीच्या मलपृष्ठावर उतरवला:

१. नाव बघा, अणुअंक घ्या. तेवढे प्रोटॉन. प्रभाराचा इथे संबंध नाही.
२. अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा करा. तेवढे न्यूट्रॉन. प्रभाराचा इथेही संबंध नाही.
३. प्रोटॉनएवढे इलेक्ट्रॉन लिहा. धन प्रभार असेल तर तेवढे काढा, ऋण असेल तर तेवढे मिळवा.
४. दोन पडताळे: प्रोटॉन उणे इलेक्ट्रॉन बरोबर प्रभार येतो का, आणि प्रोटॉनची संख्या अजून नावाशी जुळते का.

तिसरी पायरी 'प्रोटॉन उणे प्रभार' अशा सूत्राने द्यावी असं सरांना वाटत होतं. क्लोराइडला ते १७ − (−१) होतं, आणि नववीत उणेतून उणे करताना निम्मा वर्ग अडखळतो. म्हणून ते सूत्र टाळलं.

संयुक्त मूलकं, म्हणजे एकाहून जास्त अणूंचे मिळून बनलेले आयन, अखेरच्या दहा मिनिटांत उरकली. अमोनिअममध्ये प्रोटॉन ७ + ४ = ११ आणि इलेक्ट्रॉन १०. सल्फेटमध्ये प्रोटॉन १६ + ३२ = ४८ आणि इलेक्ट्रॉन ५०. प्रभार शेवटी एकदाच लावायचा, प्रत्येक अणूला नाही.

परिणाम

पंधरा दिवसांनी दहा मिनिटांची चिठ्ठी घेतली, बिनगुणांची. कॅल्शिअम-४० (२+), ब्रोमाइड-८१ (१−), फेरिक (लोह)-५६ (३+), हायड्रोजन-१ (१+), आणि एक उलटा प्रश्न: १२ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन, १० इलेक्ट्रॉन, ओळखा कोण. उत्तरं अशी: २०, २०, १८; ३५, ४६, ३६; २६, ३०, २३; १, ०, ०; आणि मॅग्नेशियम-२४ चा २+ आयन.

प्रोटॉन बदलण्याची चूक जवळपास नाहीशी झाली. अपूर्णांकातला न्यूट्रॉन कुठेच नव्हता, पण त्याचं श्रेय तासिकांना द्यायला नको, कारण या वेळी अणुवस्तुमानांक छापून दिला होता. उलटं चिन्ह कमी झालं, संपलं नाही. फेरिकला १८ लिहिणारे अजून होते, अष्टक सहज सुटत नाही. आणि एक नवी अडचण दिसली. हायड्रोजन आयनाला शून्य न्यूट्रॉन आणि शून्य इलेक्ट्रॉन आल्यावर काही मुलांनी बरोबर उत्तर खोडून १ केला होता. त्यांनी हिशेब केला आणि मग त्यावर विश्वास ठेवला नाही. उलटा प्रश्न ब तुकडीला जड गेला. बऱ्याच जणांनी १० इलेक्ट्रॉन पाहून 'निऑन' लिहिलं, म्हणजे ओळख प्रोटॉनने ठरते हे झाकण लावताना पटलं तरी कागदावर उतरलं नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

आयनांच्या मोजणीचा प्रश्न काढताना अणुवस्तुमानांक संज्ञेच्या डोक्यावर किंवा नावाला जोडून (क्लोरिन-३५) द्यायला हवा. रकान्याचं शीर्षक पूर्ण हवं: 'अणुवस्तुमानांक'. भिंतीवरच्या तक्त्यातलं वस्तुमान या कामाला घेऊ नये. रेणुवस्तुमान आणि मोलची गणितं करताना तेच घ्यावं लागतं, आणि तिथे ३५.५ अगदी योग्य असतो. कॅल्शिअम क्लोराइडचं रेणुवस्तुमान काढताना कुणी ३५ घेऊ लागलं तर ती नवी चूक ठरेल. दोन्ही गणितं एकाच आठवड्यात न घेणं बरं.

उत्तरसूची दोघांनी एकमेकांची न पाहता सोडवावी आणि पेपर छापायला जाण्याआधी जुळवावी. इथे सरांनी ती स्वतंत्र सोडवली, पण मुलांनी पेपर दिल्यावर. तेच आठ दिवस आधी झालं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. छापील प्रत आल्यावर प्रभार वर बसलेत का, हे एकदा बोट ठेवून पाहावं.

उदाहरणांची निवडही बदलायला हवी होती. पहिल्या पाच आयनांत इलेक्ट्रॉन १० किंवा १८ च येतात, म्हणून मूल प्रभाराकडे न पाहताही पास होतं. सुरुवातीलाच एखादा फेरस किंवा क्युप्रिक मध्ये घातला असता तर ती सवय जडली नसती. हायड्रोजन आयन तर पहिल्याच तासिकेला घ्यावा.

'१८ किंवा २०' लिहिणाऱ्या मुलाबद्दल दोघांचं मत अजून वेगळं आहे. बाईंच्या मते त्याचा पेपर वर्गात वाचून दाखवायला हवा होता. सरांच्या मते, ज्याच्या उत्तरावर आपणच फुली मारली त्याला सगळ्यांसमोर उभं करणं त्याला अवघड गेलं असतं. त्यांनी त्याला बाजूला बोलावून 'दोन उत्तरं नकोत' हा शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'दोन्ही बरोबर. ३५ असेल तर १८, ३७ असेल तर २०.' मुलाने शेरा वाचला आणि विचारलं, "मग सर, क्युप्रिकला पण ३४ किंवा ३६ लिहायचं होतं ना?"